चौघांसमोर दोन ओगर: डी अँड डीमधली लढत मोजायची कशी

तिसऱ्या लेव्हलची चार पात्रं आणि समोर दोन ओगर, म्हणजे दांडगे राक्षस. डन्जन्स अँड ड्रॅगन्स (डी अँड डी) या टेबलावर फाशांनी खेळायच्या भूमिका-खेळाच्या पाचव्या आवृत्तीचे २०१४ चे नियम या लढतीला ‘अवघड’ म्हणतात. २०२४ च्या सुधारित नियमांत हीच जोडी बरोबर ‘मध्यम’च्या रेषेवर येऊन बसते. प्रत्यक्ष टेबलावर ती कधी तीन राउंडमध्ये (सगळ्यांची एकेक पाळी, म्हणजे टर्न, झाली की एक राउंड) आटपते, तर कधी पाच राउंड रेंगाळून निम्मी पार्टी, म्हणजे खेळाडूंच्या पात्रांचा गट, आडवी करते. ओगर तेच, पात्रं तीच. फरक दोनच गोष्टींचा असतो: कोणत्या बाजूला किती टर्न मिळाले, आणि लढत सुरू झाली तेव्हा पार्टीच्या खिशात काय शिल्लक होतं. नियमांच्या पुस्तकातलं सीआर (चॅलेंज रेटिंग, मॉन्स्टर किती भारी याचा आकडा) या दोन्हींबद्दल काहीच सांगत नाही. म्हणून सीआर बघून लढत निवडायची आणि टर्न मोजून ती तपासायची.

खालचे आकडे २०१४ च्या नियमांचे आहेत, जिथे वेगळे आहेत तिथे तसं म्हटलंय. हिट पॉइंट म्हणजे किती मार झेपतो, आणि एसी (आर्मर क्लास) म्हणजे वार लागायला समोरच्याला फाशावर गाठायचा आकडा. उदाहरणांतली पार्टी एकच धरली आहे: फायटर (२८ हिट पॉइंट, एसी १६, हातात ग्रेटस्वोर्ड), रोग (आजार नव्हे, चोरपावलांचा तो, २४ हिट पॉइंट, एसी १५), क्लेरिक (पुजारी, २४, एसी १८) आणि विझर्ड (जादूगार, २०, एसी १२). चौघांचे मिळून ९६ हिट पॉइंट.

पुस्तकाचा हिशेब

प्रत्येक लेव्हलला एका पात्रामागे अवघडपणाचे चार उंबरठे दिले आहेत. तिसऱ्या लेव्हलला ते असे: सोपी लढत ७५ एक्सपी (अनुभवाचे गुण), मध्यम १५०, अवघड २२५, जीवघेणी ४००. चार पात्रांचे होतात ३००, ६००, ९०० आणि १,६००. आता मॉन्स्टरचे एक्सपी मिळवायचे. सीआर पावला ५०, अर्ध्याला १००, एकला २००, दोनला ४५०, तीनला ७००, चारला १,१००, पाचला १,८००. मग संख्येनुसार गुणायचं: एकटा असेल तर १, दोघांना १.५, तीन ते सहा जणांना २, सात ते दहांना २.५, अकरा ते चौदांना ३, पंधरा आणि पुढे ४. गुणून आलेला आकडा फक्त अवघडपणा मोजायला. खेळाडूंना वाटायचे ते मूळ एक्सपी. नवे डीएम (डन्जन मास्टर, खेळ चालवणारे) इथे हमखास घसरतात आणि पार्टी दोन सेशनमध्ये दोन लेव्हल चढते.

दोन ओगर (प्रत्येकी सीआर दोन) म्हणजे ९०० गुणिले १.५, म्हणजे १,३५०. अवघड. नऊ गॉब्लिन (छोटे राक्षस, प्रत्येकी सीआर पाव) म्हणजे ४५० गुणिले २.५, म्हणजे १,१२५. तेही अवघड, पण ओगरांपेक्षा सौम्य. निदान कागदावर तरी.

पार्टीत तिघांपेक्षा कमी पात्रं असतील तर गुणक एक पायरी वर घ्यायचा, सहा किंवा जास्त असतील तर एक पायरी खाली. दोघांच्या पार्टीसमोरचा एकटा मॉन्स्टरही १.५ नेच गुणायचा.

२०२४ च्या नियमांनी हा गुणक काढूनच टाकला. तीनच पायऱ्या ठेवल्या. तिसऱ्या लेव्हलला एका पात्रामागे १५०, २२५ आणि ४००. बेरीज केली की काम संपलं. हिशेब सोपा झाला हे खरं, पण नऊ गॉब्लिनांचे ४५० एक्सपी चौघांच्या सर्वांत खालच्या ६०० च्या रेषेलाही पोचत नाहीत. एका पात्रामागे दोनपेक्षा जास्त शत्रू असतील तर जपून, आणि ते चटकन पडणारे असू द्या, एवढी सूचना तिथे आहे. नव्या नियमांनी खेळत असाल तर ती सूचना अजिबात विसरू नका, कारण गुणकाचं सगळं काम आता तिच्यावर आहे.

टर्न मोजणं

कागद-पेन्सिल घ्या. कॅलक्युलेटरही लागत नाही. तीन आकडे काढायचे: पार्टी एका राउंडला किती नुकसान करते, शत्रू किती करतो, आणि लढत किती राउंड चालेल.

ओगरचा एसी ११, हिट पॉइंट ५९. फायटरला हल्ल्यावर अधिक ५ मिळतात, म्हणजे डी२० वर (वीस बाजूंच्या फाशावर) ६ किंवा वर हवेत: ७५ टक्के. त्याच्या तलवारीचं सरासरी नुकसान १०, चुकणारे वार धरून हाती लागतं ७.५. रोगने शॉर्टबो आणि स्नीक अटॅक (संधी साधून केलेला जादा मारा) वापरला तर सरासरी १३.५, हाती १०. क्लेरिकचं सेक्रेड फ्लेम जेमतेम ३. विझर्डचा फायर बोल्ट ४. हे दोन्ही स्पेल, म्हणजे मंत्र, कितीही वेळा टाकता येतात. बेरीज साधारण २४.६. दोन ओगरांचे मिळून ११८ हिट पॉइंट, म्हणजे जवळपास पाच राउंड.

आता उलट बाजू. ओगरला अधिक ६, सरासरी नुकसान १३. फायटरच्या एसी १६ वर तो ५५ टक्के वेळा लागतो, म्हणजे टर्नला ७. पहिला ओगर अर्ध्या वेळात पडेल असं धरलं तर पाच राउंडमध्ये पार्टीचं एकूण नुकसान ५१ च्या आसपास. ९६ पैकी ५१. फायटर एकटाच मार खात राहिला तर तो दोनदा आडवा होतो. ही खरंच अवघड लढत.

पण हा हिशेब मोठे स्पेल संपलेल्या पार्टीचा आहे. सकाळी ताजी उठलेली पार्टी घ्या. विझर्ड फायर बोल्टऐवजी स्कॉर्चिंग रे टाकतो: तीन किरण, प्रत्येकी सरासरी ७, हाती जवळपास १६. क्लेरिक गायडिंग बोल्ट टाकतो: हाती १०.५. राउंडचं नुकसान एकदम ४४ वर जातं. लढत तीन राउंडच्या आत संपते आणि पार्टीला मार बसतो २९ चा. ‘अवघड’ लढत कॅम्पवर चहा ठेवून करावी इतकी हलकी होते.

यातून कामापुरता एक नियम निघतो. नेहमीच्या लढतीला तीन ते चार राउंड, महत्त्वाच्या लढतीला पाच. हिशेब दोनच्या खाली आला तर शत्रूला काही करून दाखवायची संधीच मिळणार नाही. सहाच्या वर गेला तर चौथ्या राउंडनंतर खेळाडू मोबाइल काढतात, कारण निकाल ठरलेला असतो आणि फक्त फासे टाकायचे उरतात.

आता नऊ गॉब्लिन. प्रत्येकाचे ७ हिट पॉइंट, एकूण ६३. ओगरांच्या निम्म्याच्या जवळपास. म्हणून लढत निम्म्या वेळात संपेल? नाही. फायटर १० चं नुकसान करतो, गॉब्लिन ७ ला मरतो, वरचे ३ वाया जातात. रोगचे तर ६ वाया. शिवाय एसी १५, म्हणजे दर दोन वारांत साधारण एकच लागतो. स्पेल स्लॉट (मोठे स्पेल टाकायचा दिवसाचा मोजका साठा) न वापरता ही पार्टी राउंडला दीड-दोन गॉब्लिन पाडते. तिकडे नऊ गॉब्लिन पहिल्या राउंडला एसी १६ वर सुद्धा २२ चं नुकसान करतात. दोन ओगर १४ चं. छोट्या शत्रूंच्या घोळक्यात हिट पॉइंटची बेरीज निरर्थक असते. डोकी मोजायची.

आणि मग विझर्ड शॅटर टाकतो. दहा फूट त्रिज्या, सरासरी १३.५. चार-पाच गॉब्लिन कोंडाळं करून उभे असतील तर तीन-चार जागेवर गार. म्हणजे ही लढत जीवघेणी होणार की पोरखेळ, हे तुम्ही नकाशावर गॉब्लिन कुठे ठेवले यावर ठरतं. दोन-दोनच्या जोड्या, मध्ये वीस-पंचवीस फूट अंतर: ही त्याच नऊ गॉब्लिनांची कितीतरी भारी लढत आहे.

दिवसभराचा खर्च

२०१४ च्या पुस्तकात आणखी एक तक्ता आहे आणि बरेच जण तो पान उलटून पुढे जातात: एका दिवसात, म्हणजे एका लाँग रेस्टपासून (रात्रीची लांब विश्रांती) दुसऱ्यापर्यंत, एका पात्राला किती एक्सपीच्या लढती झेपतात. पहिल्या लेव्हलला ३००, दुसऱ्याला ६००, तिसऱ्याला १,२००, चौथ्याला १,७००, पाचव्याला ३,५००. चौघांचे तिसऱ्या लेव्हलला ४,८००. दोन ओगरांच्या १,३५० च्या तशा साडेतीन लढती. पुस्तकाच्या डोक्यात दिवसाला सहा ते आठ मध्यम किंवा अवघड लढती आणि मध्ये दोन शॉर्ट रेस्ट (छोट्या विश्रांती) आहेत.

बहुतेक टेबलांवर दिवसाला एकच लढत होते. रविवारी संध्याकाळी तीन तास मिळतात, त्यात गावातलं बोलणं, प्रवास आणि एक मारामारी. मग विझर्डचे पहिल्या पातळीचे चार आणि दुसऱ्या पातळीचे दोन स्लॉट एकाच ठिकाणी ओतले जातात. ‘मॉन्स्टर फुसके आहेत’ अशी तक्रार येते तिचं मूळ बहुतेकदा इथे असतं.

उपाय तीन. एक, लढती सेशनमध्ये न मोजता रेस्टमध्ये मोजा: दोन-तीन सेशन मिळून एक लाँग रेस्ट. सेशन संपलं म्हणून रात्र झाली असं नाही. दोन, दिवसाला एकच लढत ठरली असेल तर ‘जीवघेणी’च्या रेषेपासून सुरुवात करा आणि दीडपटीपर्यंत जा, आपल्या चौघांसाठी १,६०० ते २,४००. हे फक्त ताज्या पार्टीसाठी, आणि पहिल्या-दुसऱ्या लेव्हलला मुळीच नाही. तीन, तीच लढत लाटांमध्ये तोडा. यावर खाली.

दुसरंही लक्षात ठेवा. दिवसाला एकच लढत असेल तर विझर्ड आणि क्लेरिक चमकतात. फायटर आणि रोग, ज्यांची ताकद दिवसभर तशीच टिकते, ते फिके पडतात. संतुलन फक्त शत्रू आणि पार्टीमधलं नसतं.

सीआर खोटं बोलतं तेव्हा

पुस्तकात मॉन्स्टर बनवायचा तक्ता आहे. त्यावर ओगर घालून बघा. ५९ हिट पॉइंट म्हणजे बचावाचं सीआर अर्धा, एसी अपेक्षेपेक्षा दोनने कमी म्हणून एक पायरी खाली: पाव. १३ नुकसान म्हणजे हल्ल्याचं सीआर एक, हल्ल्याचा बोनस अपेक्षेपेक्षा तीनने जास्त म्हणून एक पायरी वर: दोन. सरासरी एकच्या आसपास. छापलंय दोन. पुस्तकाच्याच मापाने पुस्तकातला ओगर हलका भरतो. म्हणून छापील सीआर बाजारभावासारखं घ्यायचं, घासाघीस करायला जागा ठेवून.

हलका भरला तर फार काही बिघडत नाही. जे मॉन्स्टर दिसतात त्यापेक्षा जड असतात, त्यांना सांभाळायचं. त्यांची एक खूण असते: ते हिट पॉइंटच्या नेहमीच्या हिशेबाबाहेरून माणूस संपवतात.

शॅडो (सावलीचं भूत) घ्या. सीआर अर्धा. चार शॅडो म्हणजे ४०० गुणिले २, ८००, आपल्या पार्टीला ‘मध्यम’. पण प्रत्येक वाराबरोबर शॅडो १डी४ (चार बाजूंच्या एका फाशाइतकी) ताकद खातो, सरासरी अडीच. ताकद शून्य झाली की मृत्यू, डेथ सेव्ह (मरणाच्या दारातून वाचायचा फासा) नाही. विझर्डची ताकद ८ असली तर चार वार पुरतात. तो आडवा पडला की क्लेरिक हीलिंग वर्ड टाकून उठवतो, हिट पॉइंट परत येतात, ताकद येत नाही. उठलेला विझर्ड मग उरलेल्या ताकदीनिशी पुन्हा शॅडोसमोर. शिवाय साध्या शस्त्रांचं नुकसान निम्मं, आगीचंही निम्मं. ग्रेटस्वोर्डचे १० तिथे ५ होतात. क्लेरिककडचा रेडियंट (दिव्य तेजाचा) मारा मात्र दुप्पट लागतो. पार्टीत क्लेरिक किंवा पॅलाडिन (धर्मयोद्धा) नसेल तर या चार शॅडोंना मनातल्या मनात ‘जीवघेणी’च्या खान्यात टाका.

बॅन्शी, म्हणजे किंचाळणारी भूतीण, सीआर चार, १,१०० एक्सपी, एकटीच म्हणून गुणक नाही. ‘अवघड’. तिची किंकाळी तीस फुटांत ऐकू येईल त्या प्रत्येकाने कॉन्स्टिट्यूशनचा (काटकपणाचा) १३ चा सेव्ह, म्हणजे बचावाचा फासा, करायचा, चुकला तर थेट शून्य हिट पॉइंट. तिघांना अधिक २, फायटरला अधिक ४ असेल तर सरासरीने जवळपास दोन पात्रं पहिल्याच टर्नला जमिनीवर. चारही जण पडायची शक्यता पाच टक्के, म्हणजे डी२० वर १ पडायची जितकी तितकीच. क्रिटिकल मिस टेबलावर किती वेळा पडतो ते आठवा आणि मग ठरवा.

मॅन्टिकोर सीआर तीन, पण तो उडतो आणि शेपटीचे काटे शंभर फुटांवरून मारतो. पार्टीत लांबून मारणारा एखाद-दुसराच असेल तर इतरांच्या टर्न वाया. इथे टर्नचा हिशेब पुन्हा करायचा: चार टर्न नाहीत, दीड आहेत.

मॉन्स्टरचा ब्लॉक (पुस्तकातली त्याच्या आकड्यांची चौकट) वाचताना आधी हिट पॉइंटकडे न बघता सेव्हची ओळ शोधा. ‘चुकला तर’च्या पुढे काय लिहिलंय? नुकसान असेल तर हिशेबात बसतं. बेशुद्ध, पॅरलाइज (लुळा), स्टन (सुन्न) असेल तर त्या पात्राच्या टर्न वजा करून हिशेब पुन्हा मांडा. मृत्यू असेल तर खेळाडूंना आधी सूचना मिळायला हवी: गावातली बातमी, दारात पडलेलं प्रेत, काहीतरी.

पहिली लेव्हल वेगळीच

पहिल्या लेव्हलचे चौघे: उंबरठे १००, २००, ३००, ४००. एक बगबेअर (गॉब्लिनांचा दांडगा भाऊबंद) म्हणजे २०० एक्सपी, बरोबर ‘मध्यम’. विझर्डचे हिट पॉइंट ८. नियम असा की शून्यावर गेल्यावर उरलेलं नुकसान कमाल हिट पॉइंटांइतकं किंवा जास्त असेल तर जागच्या जागी मृत्यू. म्हणजे एका फटक्यात १६. बगबेअरच्या मॉर्निंगस्टारचं सरासरी नुकसान ११, आणि पहिल्या राउंडला बेसावध गाठलं तर आणखी ७. अठरा. क्रिटिकलसुद्धा (डी२० वर २० पडून नुकसानाचे फासे दुप्पट होणं) लागत नाही. ‘मध्यम’ लढतीच्या पहिल्या वारात एका खेळाडूचं पात्र कायमचं जातं, आणि तो बिचारा उरलेले अडीच तास इतरांसाठी भजी मागवत बसतो.

म्हणून पहिल्या दोन लेव्हलना वेगळी तपासणी: पार्टीतल्या सर्वांत अशक्त पात्राचे कमाल हिट पॉइंट दुप्पट करा. कोणत्याही शत्रूचा एक क्रिटिकल वार, सरासरीने, त्यापेक्षा कमी असायला हवा. गॉब्लिनचा क्रिटिकल सरासरी ९. आठच्या विझर्डला पाडेल, मारणार नाही. चालतो. बगबेअर चालत नाही. वापरायचाच तर निदान दबा धरून बसवू नका. तो वाटेवर समोरूनच येऊ द्या.

दुसरा उंबरठा पाचव्या लेव्हलला येतो. फायटरला दुसरा हल्ला मिळतो, विझर्डला फायरबॉल: वीस फूट त्रिज्या, सरासरी २८. पुस्तकातले आकडेही तिथे दुप्पट होतात. चौघांचे १,०००, २,०००, ३,०००, ४,४००. चौथ्या लेव्हलला बेतलेल्या लढती पाचव्याला जशाच्या तशा वापरू नका. विशेषतः घोळके. नऊ काय, वीस गॉब्लिनही एका टर्नचे गिऱ्हाईक.

एकटा खलनायक

सगळ्यांना हीच लढत हवी असते आणि हीच सर्वांत जास्त फसते. सिंहासनावर एकटा सेनापती, समोर चौघे. राउंडला त्याची एक टर्न, त्यांच्या चार. एक सेव्ह चुकला, होल्ड पर्सन (जागीच खिळवणारा स्पेल) बसला, की तो उभ्या उभ्या मार खातो आणि महिनाभर रचलेला खलनायक दोन राउंडमध्ये संपतो. शेळी जाते जिवानिशी, खाणारा म्हणतो वातड.

पहिली प्रतिक्रिया असते एसी वाढवायची. ती करू नका. पार्टी ६५ टक्के वेळा मारत असेल आणि एसी २ ने वाढवला तर ५५ टक्के. लढत १८ टक्के लांबते. ५ ने वाढवला तर ४० टक्के. लढत दीडपटीहून लांब, आणि प्रत्येक खेळाडूच्या दर पाच टर्नांपैकी तीन ‘चुकला, पुढचा’ म्हणण्यात जातात. शत्रू भारी वाटत नाही, फासे वाईट वाटतात.

वाढवायच्या असतात टर्न. मोठ्या ड्रॅगनांना याच कामासाठी लेजेंडरी ॲक्शन दिलेल्या असतात: इतरांच्या टर्न संपल्यावर राउंडभरात तीन छोट्या कृती. आणि लेजेंडरी रेझिस्टन्स, म्हणजे दिवसातून तीनदा चुकलेला सेव्ह बरोबर करून घेणं. खालच्या लेव्हलला हेच हलक्या हाताने करता येतं. आपल्या चौघांसाठी एक ओगर नायक असा बांधा:

हिट पॉइंट ५९ ऐवजी ९१. हा आकडा हवेतला नाही. ओगरचे हिट पॉइंट ७डी१० अधिक २१ आहेत आणि ९१ ही त्या फाशांची कमाल. एसी ११ च ठेवा, वार लागू द्या.

इनिशिएटिव्हवर (टर्नांचा क्रम ठरवणाऱ्या आकड्यावर) त्याची नेहमीची टर्न. आणि त्यानंतर दहा आकडे खाली दुसरी, छोटी टर्न: एक तर अर्ध्या चालीने सरकणं, किंवा ७ नुकसानाची लाथ आणि सोबत दहा फूट मागे ढकलणं. मोठा वार दुसऱ्या टर्नला नाही. नाहीतर एकाच पात्रावर लागोपाठ दोन सोटे बसतात आणि फायटरशिवाय कुणी उभं राहत नाही.

सेव्ह चुकून पॅरलाइज किंवा स्टन झाला तर त्याची मोठी टर्न जाते, छोटी राहते, पण सरकण्यापुरतीच. खेळाडूचा स्पेल वाया जात नाही आणि लढतही संपत नाही. यापेक्षा सरळ लेजेंडरी रेझिस्टन्स एकदा दिला तरी चालतो, पण तो वापरताना टेबलावर सांगा. लपवून सेव्ह ‘बरोबर आला’ म्हटलं की तिसऱ्या वेळी पकडले जाल.

दुसऱ्या राउंडला तीन गॉब्लिन. त्यांचं काम मारणं नाही, पार्टीच्या टर्न वाटून घेणं.

पुस्तकी हिशेब: ४५० अधिक १५०, गुणिले २, म्हणजे १,२०० आणि वर नायकाची वाढीव टर्न. मॉन्स्टर बनवायच्या तक्त्यावर हा नायक घातला तर २० नुकसान आणि ९१ हिट पॉइंट. आता कुठे तो छापील सीआर दोनला शोभतो.

कुणावर वार करायचा

डीएमच्या हातातली सर्वांत मोठी कळ पुस्तकात छापलेलीच नाही. नऊ गॉब्लिनांचे बाण विझर्डवर एकवटले तर एसी १२ वर ६५ टक्के लागतात आणि राउंडला ३२ चं नुकसान होतं. विझर्डकडे आहेत २०. तेच बाण चौघांत वाटले तर कुणीच पडत नाही. आकडे तेच, शत्रू तेच.

तेव्हा शत्रूचा स्वभाव लढतीआधी एका ओळीत लिहून ठेवा आणि त्याला धरून राहा. लांडगे जवळ येईल त्याला धरतात आणि पाडलेल्याला ओढतात. गॉब्लिन सर्वांत लहान दिसेल त्याला मारून लपतात. प्रशिक्षित सैनिक मंत्र टाकणाऱ्याला ओळखतात. ओगरला ज्याने शेवटचं दुखवलं तोच दिसतो. हे लिहिलेलं असलं की आडव्या पडलेल्या पात्रावर वार करायचा का, हा प्रश्न ऐनवेळी उभा राहत नाही आणि खेळाडूला आपल्यावर राग काढल्यासारखं वाटत नाही.

जागाही अशीच. अर्ध्या आडोशाला एसीमध्ये अधिक २, पाऊण आडोशाला अधिक ५. पाऊण आडोशामागचा गॉब्लिन एसी २० चा होतो, म्हणजे चिलखत घातलेल्या सैनिकापेक्षा अवघड. आडोसा द्यायचाच तर त्याला पोचायचा रस्ताही नकाशावर ठेवा, एका चालीच्या अंतरात.

लाटा, आणि ऐनवेळची दुरुस्ती

बगबेअर आणि चार गॉब्लिन समोर: ४०० गुणिले २, म्हणजे ८००. खोलीमागच्या बोगद्यात आणखी तीन गॉब्लिन. बगबेअरकडे शिंग. तिसऱ्या राउंडच्या सुरुवातीला पार्टीतली दोन पात्रं निम्म्याखाली असतील तर शिंग वाजवायच्या आधीच तो पळ काढतो. नसतील तर वाजवतो. हे आधी कागदावर लिहिलेलं असावं. लढत रंगल्यावर मनात ठरवलं की डीएम नेहमी स्वतःच्या आवडत्या शत्रूच्या बाजूने ठरवतो.

लाट आली की पार्टीच्या मोठ्या स्पेलचा घाव विभागला जातो. शॅटर पहिल्या चौघांवर खर्च होतो, उरलेले तीन ताजे. म्हणून लाटेतल्या शत्रूंचा गुणक एकत्र लावू नका, एका वेळी जितके उभे असतील तितक्यांचाच लावा.

हिट पॉइंट फाशांच्या मर्यादेत वर-खाली करणं रास्त आहे: ओगर २८ ते ९१, गॉब्लिन २ ते १२. पण आकडा लढतीआधी ठरवा. शेवटच्या वाराला ‘अजून चार उरलेत’ म्हणत लढत ओढली की खेळाडूंच्या लक्षात येतं. बरेच जण मॉन्स्टरचं नुकसान वहीच्या कोपऱ्यात लिहीत असतात. निकाल ठरला आणि तरी तीन गॉब्लिन उरले असतील तर त्यांना पळवा किंवा शरण आणा. त्यांच्या १५० एक्सपीचा हिशेब तसाच द्या, मारले की पळवले यावर कापू नका.

पाथफाइंडर या डी अँड डीसारख्याच खेळाच्या दुसऱ्या आवृत्तीचा हिशेब याहून सरळ आहे आणि जास्त खरा ठरतो. चौघांची पार्टी धरून मध्यम लढत ८० एक्सपीची, कठीण १२०, टोकाची १६०. पार्टीच्याच लेव्हलचा शत्रू ४०, दोन लेव्हल वर ८०, चार वर १६०, दोन खाली २०. तिथे लेव्हल प्रत्येक फाशात मिळवली जाते, त्यामुळे एकटा वरचा शत्रू खरोखर भारी पडतो. डी अँड डीची सवय घेऊन तिकडे गेलेले डीएम ‘एकटाच तर आहे’ म्हणून तीन लेव्हल वरचा शत्रू ठेवतात आणि पार्टी गमावतात.

शेवटी एक वही. प्रत्येक लढतीनंतर चार आकडे: किती राउंड चालली, किती स्पेल स्लॉट गेले, सर्वांत खाली गेलेलं पात्र किती हिट पॉइंटांवर होतं, आणि पुस्तकाचा एक्सपीचा आकडा. पाच-सहा लढती झाल्या की तुमच्या टेबलाचा गुणक दिसू लागतो. ज्या पार्टीला १,३५० ची लढत तीन राउंडला सलग दोनदा संपते, तिच्यासाठी उंबरठे सव्वापट धरा. एक नवा खेळाडू आला, किंवा कुणाच्या हाती जादूची तलवार पडली, की आधीच्या नोंदींवर रेघ मारून पुन्हा पहिल्या लढतीपासून.